वाटा सुकल्यानंतर: बीड जिल्ह्यातील हिवाळी यात्रा, येळवस आणि हुरडा

बीड जिल्ह्यात जुन्या काळी प्रवासाचा हंगाम मातीवरून ठरत असे. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. तिच्या काठचा सखल पट्टा म्हणजे गंगथडी, कारण या भागात गोदावरीला आजही गंगाच म्हणतात. दक्षिणेकडे बालाघाटाची रांग आहे आणि तिच्या माथ्यावर पाटोदा, केज, अंबाजोगाई हे तालुके पसरले आहेत. घाटाखाली काळी चिकण माती, घाटावर मुरमाड माळ आणि मधूनमधून पुन्हा काळीचे पट्टे. पावसाळ्यात काळ्या रानातून गाडी हाकली की चाके आसापर्यंत रुतत. ओढ्यांवर पूल नव्हते. सिंदफणा, बिंदुसरा, कुंडलिका, मांजरा या नद्या एका पावसात गावे एकमेकांपासून तोडून टाकत. दसरा उलटला, पाणी ओसरले, चिखल वाळून गाडीवाट टणक झाली, की मग माणसे घराबाहेर पडत. दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला या मुलखात असा अगदी रोजच्या व्यवहाराचा अर्थ होता. फौजा, व्यापारी, धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवर वाहणारे वंजारी आणि लमाणांचे तांडे, दिंड्या, वऱ्हाडे, सगळी वर्दळ त्यानंतरची.

पावसाळ्यात नदी ओलांडणे किती महागात पडू शकते, याचे जिल्ह्याच्या इतिहासातले मोठे उदाहरण गेवराई तालुक्यातील राक्षसभुवनचे आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी येथे पेशवे आणि निजाम यांची लढाई झाली. निजामअली सैन्याचा एक भाग घेऊन गोदावरीपार गेला होता आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडच्या तीरावर होता. मधे भरलेली नदी. माधवराव आणि रघुनाथराव यांनी अलीकडच्या फौजेवर चाल केली, विठ्ठल सुंदर मारला गेला आणि पलीकडून मदत येऊ शकली नाही. तेच पात्र माघात पाहिले तर वाळूच्या पट्ट्यांमधून वाहणारी शांत धार दिसते.

हिवाळ्यातल्या यात्रांचा क्रम कार्तिकापासून लागतो. कार्तिकी एकादशीला वारकरी पंढरपूरला जातात, वद्य एकादशीला आळंदीला. पण जिल्ह्याच्या आतली, दूरदूरच्या माणसांना इकडे खेचून आणणारी पायी यात्रा कार्तिक पौर्णिमेची, कपिलधारची. बीडच्या दक्षिणेला मांजरसुंब्याजवळ बालाघाटाच्या एका दरीत हे ठिकाण आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांच्या संधीवर होऊन गेलेले वीरशैव संतकवी मन्मथस्वामी यांची संजीवन समाधी येथे आहे. ‘परमरहस्य’ हा त्यांचा ग्रंथ मराठी वीरशैव घरांत पिढ्यान्‌पिढ्या वाचला जातो. लातूर, नांदेड, परभणी, सोलापूर आणि कर्नाटकाच्या सीमाभागातून दिंड्या पायी निघतात, वाटेत गावोगाव मुक्काम करतात आणि पौर्णिमेपर्यंत दरीत उतरतात. पावसाळा नुकताच संपलेला असल्याने समाधीजवळच्या धबधब्याला अजून पाणी असते. आठ-दहा दिवस चालून आलेल्या माणसाला त्या कुंडाकाठी बसताना जे सुख होते, त्यात पुण्याइतकाच थकव्याचाही वाटा असतो. चालणे हीच या यात्रेची पूजा आहे, आणि कार्तिकातली हवा चालणाऱ्याच्या बाजूची असते: पहाटे गारठा, दुपारी सोसवेल एवढे ऊन, रात्री शेकोटी.

पुढचा महिना मार्गशीर्षाचा, तो अंबाजोगाईचा. निजामाच्या राज्यात हे गाव मोमिनाबाद म्हणून ओळखले जाई आणि तेथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. पण गावाचे महत्त्व त्याहून कितीतरी जुने आहे. यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याच्या घराण्याचे शिलालेख येथे आहेत. जयंती नदीकाठच्या योगेश्वरीच्या मंदिरात अश्विनातले नवरात्र होतेच, पण मोठा उत्सव मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंतचा. योगेश्वरी ही अनेक कोकणस्थ घराण्यांची कुलदेवता. सह्याद्रीच्या पलीकडची माणसे एवढ्या आत, बालाघाटावर, देवीला येतात यामागे एक कथा सांगितली जाते. देवी मूळची कोकणातली. परळीच्या वैजनाथाशी तिचे लग्न ठरले. वऱ्हाड निघाले, पण मुहूर्त टळला, वऱ्हाडाचे दगड झाले आणि देवी अंबाजोगाईलाच कुमारिका राहिली. गावाजवळच्या शिवलेण्यांना लोक हत्तीखाना म्हणतात, ते तेथील दगडी हत्तींमुळे, आणि त्या हत्तींचाही संबंध लोकमानस या वऱ्हाडाशी जोडते. अंबाजोगाई आणि परळी यांच्यात जेमतेम पंचवीस किलोमीटरचे अंतर आहे. वाटेत अडलेल्या वऱ्हाडाची ही कथा प्रवासाची अनिश्चितता अंगवळणी पडलेल्या प्रदेशातच शोभते.

मार्गशीर्ष पौर्णिमा म्हणजे दत्तजयंतीही. दासोपंत (१५५१–१६१५) हे अंबाजोगाईचे दत्तभक्त कवी. कागदाऐवजी सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर त्यांनी लिहिलेली ‘पासोडी’ मराठीतल्या अपूर्व वस्तूंपैकी एक आहे. गावाबाहेरच्या दरीत ‘विवेकसिंधु’कार आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे. त्यामुळे मार्गशीर्षात अंबाजोगाईला आलेला यात्रेकरू देवी, आद्यकवी, दासोपंत आणि लेणी असा फेरा घालतो. त्याला आजच्या भाषेत सहल म्हणता येईल. जुनी माणसे त्याला दर्शनच म्हणत. गेल्या काही दशकांत या फेऱ्याला एक नवे निमित्त मिळाले आहे. यशवंतराव चव्हाण यांच्या निधनाचा दिवस २५ नोव्हेंबर (१९८४); त्या दिवसापासून अंबाजोगाईत भरणारा तीन दिवसांचा स्मृती समारोह गाणे, कविसंमेलन आणि शेतीविषयक चर्चा यांमुळे मराठवाड्यातल्या रसिकांच्या हिवाळ्याचा भाग झाला आहे.

देवदर्शनाच्या या यात्रांपेक्षा वेगळी, घरापासून शेतापर्यंतचीच पण वर्षातली सर्वांत आनंदाची सहल म्हणजे येळवस. मार्गशीर्ष अमावास्या म्हणजे वेळा अमावास्या, बोलीत येळवस. हा सण मुख्यतः लातूर आणि धाराशिवचा. बीड जिल्ह्यात तो त्यांना लागून असलेल्या अंबाजोगाई, परळी, केज या भागांत घरोघर आहे आणि पश्चिमेकडे आष्टी-पाटोद्याला जाऊ तसा विरळ होत जातो. शेजारच्या कन्नड मुलखात त्याला एळ्ळ अमावास्या म्हणतात. कन्नडमध्ये एळ्ळु म्हणजे तीळ. येळवस हे नाव त्या शब्दाच्या इतके जवळ आहे, आणि सणात शेतात दिल्या जाणाऱ्या आरोळीचे बोलही इतके कानडी वळणाचे आहेत, की हा सण दोन्ही भाषांनी मिळून जपला आहे असेच म्हणावे लागते. बालाघाटाच्या या बाजूला भाषेची सीमा कधी कडक नव्हतीच.

तयारी आदल्या दिवसापासून चालते. तूर, हरभरा, वाल, वाटाणा यांचे ओले दाणे सोलून ठेवायचे, पालेभाज्या निवडायच्या, चिंच भिजवायची. हे सारे एकत्र शिजवून, बेसन लावून केलेली दाटसर आंबट भाजी ती भज्जी. तिच्याबरोबर ज्वारी-बाजरीचे उकडलेले उंडे, बाजरीची भाकरी, धपाटे, गव्हाची खीर. आणि या सगळ्यांच्या वर आंबील: ज्वारीचे पीठ ताकात आंबवून शिजवायचे, लसूण-आल्याचा ठेचा आणि मीठ घालायचे, गार करून मडक्यात भरायचे. सकाळी घरधनी किंवा घरातले कोणी ते मडके डोक्यावर घेते आणि बाकीचे टोपल्या, घोंगड्या, लहान मुले घेऊन निघतात. पूर्वी बैलगाड्यांची रांग लागे, आता मोटारसायकली आणि टेंपो. गावात त्या दिवशी दुपारी सामसूम असते. शेजारच्या लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत या दिवशी स्थानिक सुट्टी दिली जाते, कारण कचेरीत कोणी सापडणे कठीणच.

शेतात कडब्याच्या पेंढ्या एकमेकींना टेकवून खोप उभी केलेली असते. तिच्यावर शाल किंवा नवे लुगडे. आत ओळीने पाच दगड, चुन्याने किंवा कावेने रंगवलेले, ते पांडव. पूजा झाली की घरातला पुरुष आंबील घेऊन खोपीभोवती आणि पिकातून फिरतो, आंब्याच्या नाहीतर कडुनिंबाच्या डहाळीने ती शिंपडत जातो आणि आरोळी देतो. पलीकडच्या बांधावरून तशीच आरोळी येते. मग जेवण, तेही एकट्याने नव्हे: वाटेने जाणाऱ्याला हाक मारून बसवायचे, स्वतःचे शेत नसलेल्यांना आग्रहाने बोलवायचे, ही रीत. जेवणानंतर झाडाच्या फांदीला झोका बांधला जातो, मुले बोरे पाडतात, म्हातारी माणसे खोपीच्या सावलीत आडवी होतात. दिवस मावळला की कडब्याची पेंढी पेटवून शेताभोवती फिरवतात. एरवी याच शेतात वर्षभर कंबर मोडेपर्यंत राबायचे असते. तेच शेत एक दिवस पाहुणे म्हणून पाहायचे, यात या सणाची सारी गोडी आहे.

येळवशीला शेतकऱ्याला वेळ कसा मिळतो, याचे उत्तर पिकांच्या वेळापत्रकात आहे. खरिपाची बाजरी, मूग, सोयाबीन घरात आलेले असते. कापसाची वेचणी चालू असते, पण ती दिवसभर थांबली तर बिघडत नाही. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरून, काळ्या मातीतल्या ओलीवर उंच वाढून पोटऱ्यातून निसवू लागलेली असते. तिची काढणी फेब्रुवारी-मार्चची. मधले हे दिवस राखणीचे: माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरे उडवायची.

याच राखणीतून हुरडा आला. कणीस भरून दाणा दुधाळ असतो, नंतर कडक होतो. या दोहोंच्या मधे काही दिवस असे येतात की दाणा हिरवा, मऊ आणि गोड लागतो. तो हुरडा. डिसेंबरअखेरीपासून जानेवारी संपेपर्यंत, आणि एका रानात जेमतेम आठवडाभर. शेताच्या कडेला हातभर खड्डा करून त्यात शेणाच्या गोवऱ्या पेटवतात, धूर सरला की निखाऱ्यात कणसे खुपसतात, ही आगटी. कणीस भाजून निघाले की जाणता माणूस ते गरम असतानाच दोन तळव्यांत धरून चोळतो. दाणे पोत्यावर पडतात, फुंकर मारून कोंडा उडवला की मूठभर हिरवा ऐवज हातात. चोळणाऱ्याचे तळवे काळे होतात आणि भाजतातही, म्हणून हे काम पाहुण्याला सहसा देत नाहीत. सोबत गूळ, तिळाची किंवा शेंगदाण्याची चटणी, दही. हुरड्यासाठी सुरती, गूळभेंडी अशा खास जाती शेताच्या एका कोपऱ्यात चार तासांत पेरण्याची पद्धत आहे. भाकरीची मालदांडी तिच्या शेजारी. सुगीआधीच नातेवाइकांना निरोप जात, लेकी-जावयांना बोलावणे होई, शाळेचे मास्तर, गावातला वैद्य, सगळे आगटीभोवती बसत.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत शहरात गेलेली माणसे सुट्टीला हुरड्यासाठी गावी येऊ लागली, आणि पुढे ज्यांना गावच उरले नाही त्यांच्यासाठी पैसे घेऊन हुरडा खाऊ घालणारी शेते निघाली. राज्य सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले, त्याच्या आधीपासून हुरडा पार्टी हा शब्द मराठीत रुळला होता. शेतकऱ्याला त्यातून चार पैसे मिळतात हे चांगलेच आहे. मात्र ज्वारीचे क्षेत्र सोयाबीन आणि ऊस यांच्यापुढे आक्रसत गेले, तशी साधी, बोलावल्यावाचून जाता येणारी आगटी अनेक गावांत दुर्मीळ झाली.

बीडच्या हिवाळ्याचे वर्णन दुसऱ्या एका प्रवासाशिवाय पुरे होत नाही. ज्या महिन्यांत कपिलधारला दिंड्या येतात, त्याच महिन्यांत जिल्ह्यातली लाखो माणसे उलट दिशेने, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. घाटावरची उथळ जमीन आणि बेभरवशाचा पाऊस यांमुळे जगायला बाहेर पडणे येथे जुनेच आहे. १८९९-१९०० च्या दुष्काळाने जिल्ह्याची अशी दशा केली की १८९१ मध्ये साडेसहा लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या १९०१ च्या जनगणनेत पाच लाखांच्या खाली आली. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, पाठोपाठ नगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात कारखाने वाढत गेले, आणि त्यांना लागणारे तोडणीचे हात बालाघाटाने पुरवले. १९७२ च्या दुष्काळानंतर हा ओघ आणखी वाढला. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळी झाली की टायरगाडीत किंवा ट्रकमध्ये संसार भरायचा, कारखान्याच्या गाळपाचा हंगाम संपेपर्यंत फडाशेजारच्या कोपीत राहायचे. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. माणसांची मोजणी अवजाराने होते. मागे गावात म्हातारी माणसे राहतात, आणि ज्यांची सोय लागली ती शाळकरी मुले हंगामी वसतिगृहात. त्यामुळे पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणीकडच्या कितीतरी गावांत ऐन हुरड्याच्या दिवसांत निम्मी घरे कुलूपबंद असतात. येळवशीची खोप कडब्याची आणि फडावरची कोपी पाचटाची. एकीत एक दिवस मौजेने बसायचे, दुसरीत पाच महिने काढायचे. दोन्ही एकाच थंडीत उभ्या असतात, हे या जिल्ह्याविषयी लिहिताना विसरता येत नाही.

थंडीत अंग मोडून मेहनत करण्याची सवय मात्र फडावर गेलेल्यांची आणि गावात राहिलेल्यांची, दोघांचीही. जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. सकाळी हलगी वाजू लागते, रेवड्यांवर आणि नारळावर लागणाऱ्या पोरांच्या कुस्त्यांपासून सुरुवात होते आणि दिवस कलता कलता नामांकित मल्ल आखाड्यात उतरतात. तालमीतली मेहनतही याच दिवसांत वाढते, कारण थंडीत खुराक पचतो असे वस्ताद सांगतात. पाटोद्याचा राहुल आवारे याच मातीतून वर आला. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत चालत-पळत जाई. सैन्यात महार रेजिमेंटमध्ये असताना सियाचीनची थंडी सोसून तो क्रॉस कंट्री धावू लागला, तेथून स्टीपलचेसकडे वळला, २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आला. हिवाळ्यात पहाटे जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या रस्त्यावर पोलीस किंवा सैन्य भरतीसाठी धावणारी मुले-मुली दिसतात, कानाला मफलर, तोंडातून वाफा.

निव्वळ पाहण्यासाठी फिरणे हे मात्र या जिल्ह्यात अलीकडचे. त्यासाठीची ठिकाणे जुनी आहेत. धारूरचा किल्ला सोळाव्या शतकातला, आदिलशाही सरदार किश्वरखानाने बांधलेला. पुढे निजामशाहीकडे आणि १६३१ मध्ये मोगलांकडे गेला; त्याला फतेहाबाद असेही नाव मिळाले. बीडजवळची खजाना विहीर निजामशाहीत सलाबतखानाने बांधली. तिच्यातून निघणाऱ्या भुयारी पाटाचे पाणी उतारावरच्या शेतांना मिळते आणि कडक उन्हाळ्यातही ती आटत नाही अशी तिची ख्याती. पाटोदा तालुक्यात सौताड्याला विंचरणा नदी खोल दरीत उडी घेते आणि दरीच्या तळाशी रामेश्वराचे मंदिर आहे. धबधब्याचा जोर पावसाळ्यातला, पण पायऱ्या उतरून दरी निवांत पाहायची तर हिवाळाच बरा. त्याच तालुक्यातले नायगावचे मयूर अभयारण्य १९९४ साली जाहीर झाले, सुमारे तीस चौरस किलोमीटरचे. थंडीत पाने विरळ झाल्यावर माळावर मोर लांबून दिसतात. मांजरा नदी उगम पावते तीही याच डोंगरात, गवळवाडीजवळ.

या ठिकाणांना बाहेरचा प्रवासी कमी येई, याचे मोठे कारण रेल्वे. निजामाच्या काळात गाडी आली ती परळीपर्यंत, जिल्ह्याच्या पूर्व टोकाला. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण मात्र लोहमार्गाविना राहिले. नगर–बीड–परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाची मागणी कित्येक दशके चालली. २०२२ मध्ये आष्टीपर्यंत गाडी सुरू झाली आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, ती बीडला पोहोचली.

हिवाळ्याचा शेवट माघ वद्य चतुर्दशीला होतो. महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते, असे जुनी माणसे म्हणतात. त्या दिवशी बीड शहरात पाण्याच्या कुंडात उभ्या असलेल्या कंकालेश्वराची यात्रा भरते, आणि परळीला वैजनाथाच्या दर्शनाची रांग मंदिराच्या पायऱ्या उतरून गावात येते. परळीचे स्थान बारा ज्योतिर्लिंगांत मानले जाते आणि अहिल्याबाई होळकरांनी या मंदिराचा जीर्णोद्धार केला. यात्रेतून लोक बत्तासे, गोडी शेव आणि मुलांसाठी पिपाण्या घेऊन परततात. तोवर ज्वारी पिवळी पडून काढणीला आलेली असते. पाडव्याच्या आगेमागे उसाच्या फडावरून टायरगाड्या गावाकडे वळतात, कुलपे निघतात, आणि ज्या बांधांवर आगटी पेटली होती तेथे कडब्याच्या गंजी लागतात.